घरातल्या वस्तूंमधनं आणि खाण्याच्या पदार्थांमधनं वीज जाते का, हे सुरक्षितपणे कसं तपासायचं

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने "घरातले सुवाहक आणि दुर्वाहक" असा विषय घेतला. बाजारातनं एक तयार किट आणलं, त्यात दोन पेन्सिल सेल, बारका टॉर्चचा बल्ब, वायरी आणि भरायला छापील तक्ता. संध्याकाळभर बसून तिने सगळं मनापासून केलं. रात्री जेवून हात धुतले आणि तशीच ओल्या हाताने गीझरच्या बटणाकडे गेली. आज्जी स्वयंपाकघरातनं ओरडली, "अगं हात पूस आधी!" तर ही म्हणाली, "आज्जी, पाण्यातनं वीज जात नाही, आम्ही आज बघितलंय की."

मी तिची वही काढून बघितली. खरंच लिहिलं होतं, "नळाचं पाणी: दुर्वाहक."

पोरीने काही चुकीचं केलं नव्हतं, पाण्यात वायरी बुडवल्या आणि बल्ब लागला नाही, म्हणून तिने तसं लिहिलं. चूक होती ती प्रयोगाच्या मांडणीत. त्यानंतर आठवडाभर आम्ही दोघांनी मिळून सगळं पहिल्यापासून केलं, कोल्हापुरात राजारामपुरी ते लक्ष्मीपुरी चार दुकानं फिरून सामान जमवलं, आणि त्यात जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहितोय. ज्यांच्या घरात पोरं असले प्रयोग करणार आहेत त्यांनी हे आधी पूर्ण वाचा, मग सामान आणायला जा.

१. आधी हे ठरवा: वीज फक्त बॅटरीची

भिंतीतल्या बोर्डाला या प्रयोगात हात लावायचा नाही, म्हणजे कुठल्याही कारणाने नाही. घरातली वीज २३० व्होल्टची असते. हात कोरडे असतील तर शरीराचा रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, एक लाख ओहमपर्यंत असू शकतो, पण हात ओले झाले की तो हजार ओहमच्या आसपास येतो. २३० ला हजाराने भागा, ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर करंट झाला. एक मिलीअँपिअरला झिणझिण्या कळतात, दहाच्या पुढे हात आखडतो आणि धरलेली वायर सोडता येत नाही, आणि पन्नास-शंभर मिलीअँपिअर छातीतनं गेले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर कोरड्या हाताने हाच हिशोब केला तर उत्तर ०.०९ मिलीअँपिअर येतं, काही जाणवतसुद्धा नाही.

आणखी काही गोष्टी पोरांना स्पष्ट सांगून ठेवा. जुना मोबाईल चार्जर कापून त्याच्या वायरी वापरायच्या नाहीत. पॉवर बँक नाही, मोबाईलची बॅटरी नाही. गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी तर अजिबात नाही, कारण १२ व्होल्टने शॉक बसत नसला तरी त्यातनं शेकडो अँपिअर निघू शकतात, चुकून पाना आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो आणि हात भाजतो. लाईनचा टेस्टर घेऊन लिंबात नाहीतर बटाट्यात खुपसायचा आणि दुसरी वायर प्लगमध्ये घालायची, असले व्हिडिओ पोरं बघतात. त्यावर घरात एकदा नीट बसून बोला.

२. सामान काय लागतं

- ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची वायरवाली कॅप
- लाल एलईडी, दोन-तीन जास्तीचे घ्या
- ४७० ओहमचा रेझिस्टर, रंगाचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी
- क्रोकोडाइल क्लिपवाल्या तीन-चार वायरी
- एकाच मापाचे, एकाच धातूचे दोन खिळे, चकचकीत, गंज नसलेले
- थर्मोकोलचा तुकडा, पॉलिश पेपर, वाट्या, टिशू
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, एक बाटली, गॅरेजच्या स्पेअरच्या दुकानात मिळते
- जमलं तर साधा डिजिटल मल्टीमीटर

घड्याळात घालतात ती चपटी बटण सेल मात्र घेऊ नका. घरात बारकं पोर असेल आणि त्याने ती गिळली तर अन्ननलिका दोन तासात आतनं भाजू शकते. तसं कधी झालंच तर वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखाना.

एलईडीच का, टॉर्चचा बल्ब का नाही, हे इथेच सांगतो कारण आमची सगळी गडबड यातच झाली होती. टॉर्चच्या बल्बला नीट पेटायला अडीचशे-तीनशे मिलीअँपिअर लागतात आणि वाटीतल्या नळाच्या पाण्यातनं जातात एक-दोन मिलीअँपिअर. वीज जात असते पण बल्ब ते दाखवू शकत नाही. बरं, त्याच दोन पेन्सिल सेलवर बल्बच्या जागी एलईडी लावला तरी पाण्यात तो लागत नाही, हे मला करून बघेपर्यंत कळलं नव्हतं. लाल एलईडीलाच पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, आणि पाण्यात खिळ्यांजवळ रासायनिक क्रिया सुरू व्हायला वर आणखी दीडएक व्होल्ट लागतात, मग तीन व्होल्टमध्ये हे बसणार कुठनं. म्हणून ९ व्होल्ट.

३. जोडणी, आणि आधी जोडणीचीच परीक्षा

बॅटरीची लाल वायर रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला, एलईडीच्या आखूड पायाला एक क्लिपवाली वायर, आणि बॅटरीच्या काळ्या वायरला दुसरी क्लिपवाली वायर. या शेवटच्या दोन क्लिप मोकळ्या राहतात, त्यांच्यामध्ये आपली वस्तू येणार.

रेझिस्टर विसरू नका, तो नसेल आणि दोन क्लिप एकमेकींना लागल्या तर एलईडी लगेच जळतो.

आता दोन्ही क्लिप एकमेकींना टेकवा. एलईडी लख्ख लागला पाहिजे. नाही लागला तर बहुतेक उलटा बसलाय, पाय बदलून बघा. ही परीक्षा फक्त सुरुवातीला करून भागत नाही, प्रत्येक वस्तूच्या आधी एकदा करायची. बॅटरी संपली किंवा क्लिप सैल झाली तर पुढच्या सगळ्या वस्तू "दुर्वाहक" निघतात आणि पोरगं बिचारं तेच वहीत लिहीत जातं.

४. कोरड्या वस्तू

इथनं सुरू करा, सोपं आहे आणि पोरांचा हात बसतो. स्टीलचा चमचा, तांब्याचा तांब्या, पितळी समई, किल्ली, नाणं, ॲल्युमिनियम फॉइल, सगळ्याला एलईडी लागतो. आज्जीने हुपरीचे चांदीचे पैंजण आणून दिले, चांदी ही सगळ्यात चांगली वाहक, तिच्या खालोखाल तांबं. पण एलईडी चांदीला जेवढा लागतो तेवढाच स्टीलला लागतो, स्टील तांब्याच्या मानाने कितीतरी कमी वाहक असूनसुद्धा. कारण घरातल्या एवढ्याशा वस्तूचा रेझिस्टन्स ४७० ओहमपुढे किरकोळच असतो. त्यामुळे एलईडीच्या उजेडावरनं धातूंची तुलना करायला जाऊ नका.

प्लास्टिक, काच, रबर, कोरडं लाकूड, कोरडा कापूस, कागद, काही नाही.

पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासून शिसाला क्लिप लावा, लागतो. ते शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते.

फसवणूक होते ती लेप असलेल्या वस्तूंमध्ये. काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई घेतली, ॲल्युमिनियमचीच, तरी एलईडी बंद. वरचा ऑक्साइडचा थर वीज जाऊ देत नाही. रंग दिलेला पत्रा, गंजलेला खिळा, नॉनस्टिक तवा यांचंही तसंच. मोटर वायंडिंगची तांब्याची तार तर उघडी तांबंच दिसते पण तिच्यावर पातळ वार्निश असतं, टोक पॉलिश पेपरने घासलं की लगेच एलईडी लागतो. म्हणून वहीत "कढई: दुर्वाहक" लिहायचं नाही, "कढईचा वरचा लेप" असं लिहायचं.

आणि आपली कोल्हापुरी चप्पल. कोरडी असताना काही नाही. तीच रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, सकाळी दोन्ही खिळे चामड्यात टोचले, एलईडी लागला. मुलगी थोडा वेळ गप्पच झाली, कारण पावसात "पायात चप्पल आहे की" म्हणून आपण किती निर्धास्त असतो.

५. खाण्याचे पदार्थ

दोन खिळे थर्मोकोलमधनं साधारण दोन सेंटीमीटर अंतरावर आरपार टोचा म्हणजे अंतर कायम राहतं, नाहीतर एका वाटीत जवळ आणि दुसरीत लांब असं होतं आणि तुलनेला काही अर्थ राहत नाही. प्रत्येक पदार्थानंतर खिळे साध्या पाण्याने धुवा, डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा, पुसा. मीठपाण्यातले खिळे तसेच साखरेच्या पाण्यात गेले तर साखरपण सुवाहक निघेल.

एका वेळी दहा सेकंद, बास. जास्त वेळ ठेवलं की खिळ्यांवर बुडबुडे दिसतात, एका खिळ्यावर हायड्रोजन, आणि मिठाचं पाणी असेल तर दुसऱ्यावर थोडा क्लोरीनसुद्धा, त्याचा उग्र वास येतो. खिडकी उघडी ठेवा, वाटीवर झाकण ठेवू नका.

पहिल्यांदा नुसतं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आमचा एलईडी बंद. मग नळाचं पाणी, एलईडी लागला, मंद पण स्पष्ट. तेव्हा मुलीने आपली आधीची ओळ स्वतःच खोडली. शुद्ध पाणी वीज जवळजवळ नेतच नाही, नेतात ते त्यात विरघळलेले क्षार, आणि क्षार नाहीत असं पाणी आपल्या नळाला, विहिरीला, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कुठेच मिळणार नाही.

आता साखर. इथे बऱ्याच जणांचं चुकतं कारण साखर नळाच्या पाण्यात घालतात, एलईडी लागतो आणि साखर सुवाहक ठरते. साखर डिस्टिल्ड वॉटरमध्येच घालायची. एका वाटीत दोन चमचे साखर, दुसऱ्या वाटीत तेवढाच गूळ, दोन्हीत डिस्टिल्ड वॉटर, चांगलं ढवळून. साखरेच्या पाण्यात अंधार. गुळाच्या पाण्यात एलईडी लागला. मुलीला वाटलं खिळे खराब धुतलेत, तिने परत धुऊन परत केलं, तेच आलं. साखर पाण्यात विरघळते पण तिचे भारित कण, म्हणजे आयन, होत नाहीत. गुळातही बहुतेक साखरच असते पण उसातले पोटॅशियमसारखे क्षार त्यात राहिलेले असतात, साखर कारखान्यात ते काढून टाकतात, गुऱ्हाळात काकवी आटवताना ते तसेच राहतात. प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी या दोन वाट्यांपुढे झाली, आणि गुळाचा कोरडा खडा मात्र काही दाखवत नाही हेही ती सगळ्यांना करून दाखवत होती.

मिठाचंही तसंच आहे. कोरडं मीठ वाटीभर घेऊन त्यात खिळे खुपसा, एलईडी बंद, आयन असतात पण खड्यात जागच्या जागी अडकलेले. दोन थेंब पाणी टाका, लख्ख. पावसाळ्यात पाणी सुटलेलं मीठ तर पाणी न घालताच एलईडी लावतं.

रविवारी तांबडा रस्सा होता. वाटीत पळीभर घेतला, वर तेलाचा जाड तवंग. खिळ्यांची टोकं हळूहळू खाली नेली, तवंगात बुडाली तरी एलईडी बंद, कारण तेल वीज नेत नाही. अजून केसभर खाली गेली आणि भक्कन लागला. खाली मिठाचं पाणीच की ते. पांढऱ्या रश्श्यातही लागतो.

बाकीचं भराभर सांगतो. लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर, ताक, दही, दूध, लोणच्याचा खार: लागतो. तेल, पातळ केलेलं तूप, कोरडे तांदूळ, कोरडी डाळ: नाही. टोमॅटो, केळं: लागतो, जरा मंद. कच्चा बटाटा मंद आणि तोच उकडला की जास्त उजळ, कारण शिजल्यावर पेशींची आवरणं फुटतात आणि आतलं खारट पाणी मोकळं होतं. ताजी गरम भाकरी दाबून धरली तर अंधाऱ्या खोलीत अगदी बारीक उजेड दिसतो, वाळवून कडक केली तर काही नाही.

लिंबाबद्दल एक राहिलं. एक तांब्याचा आणि एक जस्ताचा तुकडा लिंबात खुपसला की स्वतःच ०.९ व्होल्टच्या आसपास वीज तयार होते, ती येते जस्त झिजण्यातनं, लिंबात साठलेली नसते. पण तो वेगळा प्रयोग आहे. आपल्याला वाहकता बघायचीय म्हणून दोन्ही खिळे एकाच धातूचे पाहिजेत.

तपासलेलं काहीही खायचं नाही. धातू त्यात उतरलेला असतो. पदार्थ थोडाच घ्या म्हणजे टाकताना जिवावर येत नाही.

६. मल्टीमीटर असेल तर

लाकूड, चामडं असल्या वस्तूंसाठी बीपवाली खूण वापरू नका, ती काही मोजक्या ओहमपर्यंतच वाजते, ओल्या लाकडाला किंवा चामड्याला ती गप्पच बसेल. ओहमची सगळ्यात मोठी रेंज लावा आणि खाली येत जा. टोकं बोटांनी धरू नका, नाहीतर वस्तूबरोबर तुमच्या अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जातो. पातळ पदार्थात आकडा सरकत राहतो, त्यामुळे तिथे फक्त कमी-जास्त एवढंच बघा, आकडा वहीत पक्का म्हणून लिहू नका. आणि ओहमवर लावलेला मीटर चुकून प्लगमध्ये जाणार नाही याकडे मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचं.

७. वहीत काय लिहायचं

"सुवाहक" आणि "दुर्वाहक" असे दोनच रकाने करू नका. आम्ही तीन केले: एलईडी लख्ख, एलईडी मंद, आणि "९ व्होल्टला एलईडी लागला नाही". हा तिसरा रकाना याच शब्दांत लिहायला लावा, मी तर म्हणेन हट्ट धरा. आमच्या सर्किटमध्ये साधारण सत्तर हजार ओहमच्या पुढे उजेड डोळ्याला जेमतेम दिसतो. समजा एखाद्या ओलसर फळीचा रेझिस्टन्स एक लाख ओहम आहे. एलईडी बंद दिसेल, पण २३० व्होल्टला त्यातनं २.३ मिलीअँपिअर जातील, हाताला कळेल असा करंट. आणि अजून थोडी भिजली की तो कुठल्या कुठे जातो.

चांगला इलेक्ट्रिशियन घराची वायरिंग तपासताना मेगर लावतो, तो ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन बघतो, कारण नऊ व्होल्टला चांगलं दिसणारं इन्सुलेशन जास्त व्होल्टेजला टिकेलच असं नसतं. मग आपल्या वाटी-खिळ्याच्या प्रयोगावरनं "ही वस्तू धरून करंटला हात लावला तर चालतो" असं कुणी म्हणू नये, पोरांनी नाही आणि मोठ्यांनी तर नाहीच.

८. त्याच आठवड्यात घरात काय बघितलं

प्रयोग करता करता मुलगीच घरभर बोट दाखवायला लागली, त्यातलं तुम्हीही बघून घ्या.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार. आमची तार खिडकीच्या गजाला बांधलेली आणि त्याच गजावरनं बाहेरच्या दिव्याची वायर गेलेली. वायरीचं प्लास्टिक घासून गेलं तर तारेत करंट, तारेवर ओले कपडे, आणि ते काढणारे ओले हात. त्याच दिवशी तार काढून नायलॉनची दोरी बांधली. आपल्याकडे पावसाळ्यात असे अपघात होतात, कृपा करून हे एवढं आजच बघा.

पाणी तापवायचा रॉड धातूच्या बादलीत लावायचा नाही, आणि पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद करून पिनसुद्धा काढायची, नुसतं बटण नाही.

मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अंगातनं किंवा दुसरीकडे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबी असला की झालं असं बरेच जण समजतात, पण एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटवर पडतो, माणसाला शॉक बसताना जाणारा करंट त्याच्यासाठी फारच थोडा असतो. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबा, पडला पाहिजे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना हे माहितीच आहे, पण नवीन राहायला आलेल्यांसाठी सांगतो: पाणी चढायला लागलं की, उभं राहायची जागा कोरडी असतानाच, मेन बंद करायचा. पाणी बोर्डापर्यंत पोचलं असेल तर बोर्डाजवळ जायचंच नाही, महावितरणला १९१२ वर फोन करायचा. ओसरल्यावर भिंत वरनं वाळलेली दिसली तरी आत पाइपात ओल असते, इलेक्ट्रिशियनने मेगर लावून बघेपर्यंत मेन चालू करू नका.

कुणाला शॉक बसून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, पहिल्यांदा मेन बंद, मग १०८. मेन सापडतच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून बाजूला करा.

९. आवरताना

बॅटरीची कॅप काढा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. ९ व्होल्टच्या बॅटरीची टोकं शेजारी शेजारी असतात, खिशात किंवा ड्रॉवरमध्ये किल्ल्या, नाणी लागली की ती तापते, आणि भांडी घासायच्या बारीक स्टील वूलला लागली तर चक्क पेट घेते. संपलेली बॅटरी चुलीत किंवा कचऱ्याच्या जाळात टाकू नका. वाट्यांमधलं सगळं ओतून द्या, वाट्या साबणाने धुवा, खिळे वाळवून डबीत घाला आणि डबीवर लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने कुणीतरी तेच खिळे घेऊन परत लिंबात खुपसतं आणि मग त्या लिंबाचं सरबत होतं.